कानाला यंत्र, घराला भाषा

कोल्हापूरची शिवाजी पेठ ही आवाजांची पेठ आहे. तालमीतले शड्डू, फुटबॉलच्या सामन्यानंतरचा जल्लोष, उभा मारुती चौकातील वर्दळ यांनी ती सदैव गजबजलेली असते. अशा पेठेतल्या एखाद्या घरी तान्हे मूल फटाक्यालाही दचकत नाही, ही गोष्ट ध्यानात यायला पुष्कळ दिवस लागतात. बहिरेपणा डोळ्यांना दिसत नाही. मूल हसते, नजरेला नजर देते, वेळेवर चालू लागते. दोन वर्षे उलटूनही ते बोलत नाही, तेव्हा ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ असे सांगून वडीलधारी मंडळी सुनेची समजूत घालतात. कर्णबधिर बालकांचे शैक्षणिक सल्लागार घराची पायरी चढतात, तेव्हा त्यांचा पहिला सामना या समजुतीशी असतो.

या क्षेत्रातील जाणकारांचा दंडक साधा आहे. पहिल्या महिन्यात श्रवणाची चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजनेचा आरंभ. ‘ओएई’ आणि ‘बेरा’ या चाचण्या झोपलेल्या अर्भकावरही होतात. त्यात सुई नाही की वेदना नाही. घाई कशासाठी, याचे उत्तर मेंदूच्या वाढीत आहे. भाषा ग्रहण करण्याची त्याची क्षमता पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वाधिक असते. तो काळ शांततेत गेला, तर पुढे दुप्पट कष्टांनीही तूट पुरती भरून येत नाही. ‘मूकबधिर’ हा जुना शब्द मागे पडून ‘कर्णबधिर’ रूढ झाला, त्यालाही कारण आहे. अशा बहुतेक मुलांचा कंठ निर्दोष असतो. शब्द कानी पडला नाही, म्हणून तो ओठी आला नाही, एवढेच.

निदानानंतर श्रवणयंत्र येते, काहींच्या बाबतीत कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया होते. खर्च मोठा असतो आणि पैसे मोजले म्हणजे काम झाले, असे व्यवहारी मनाला वाटणे स्वाभाविक आहे. सल्लागारांचे खरे काम मात्र तेथून सुरू होते. यंत्र आवाज पोहोचवते, अर्थ पोहोचवत नाही. ऐकणारे मूल निम्मी भाषा कोणी न शिकवताच उचलते. आजी शेजारणीशी काय बोलली, वडील गिऱ्हाइकाला काय म्हणाले, हे त्याच्या कानावर आपोआप पडत असते. कर्णबधिर मुलाला हे फुकटचे धन मिळत नाही. ‘ताट’, ‘गाय’, ‘चेंडू’ हे शब्द चित्रावरून शिकवता येतात. ‘उधार’, ‘उद्या’, ‘कदाचित’, ‘बरे झाले’ यांचे चित्र कोठून आणणार?

म्हणून जाणते सल्लागार आठवड्यातून तासभर मुलाला शिकवून निघून जात नाहीत. ते त्याच्या आईला, आजीला, काकांना शिकवतात. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे, नेहमीच्या आवाजात आणि पूर्ण वाक्यात बोलावे. पोळी लाटताना, कपडे घडी करताना, दुकानात सुटे पैसे मोजताना जे चालले आहे ते बोलून दाखवावे. व्यापारी कुटुंबाचे दुकान ही तर भाषेची तयार शाळाच होय. जास्त-कमी, आधी-नंतर, दिले-घेतले, महाग-स्वस्त या साऱ्या कल्पना तेथे तराजूसमोर मूर्त होतात. पाहुणे आले म्हणून मुलाला आत बसवणारे किंवा केसांआड यंत्र दडवणारे घर मात्र ही शाळा आपल्या हातांनी बंद करते.

काही सवयी अगदी छोट्या आहेत. रोज सकाळी तोंडापुढे हात धरून म, ऊ, आ, ई, श, स हे सहा ध्वनी एकेक करून उच्चारावेत आणि मुलाला कोणते ऐकू येतात ते पाहावे. डॅनिएल लिंग यांची ही पद्धत दोन मिनिटांत यंत्राची तब्येत सांगते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमटपणा हा यंत्राचा वैरी, म्हणून रात्री ते ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावे. शिट्टी वाजू लागली तर बहुधा कान वाढला, साचा लहान पडला असे समजावे.

शाळेतही सल्लागारांचा पाठपुरावा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. त्यामुळे शेवटच्या बाकावरचे मूल ‘मंद’ ठरते, वास्तविक ते केवळ दूर असते. फळ्याकडे तोंड करून शिकवू नये, एवढी एक विनंती शिक्षकांनी मानली तरी पुष्कळ साधते.

वाणी की खुणा, हा वाद जुना आहे. १८८० साली मिलान येथील परिषदेने शिक्षणातून खुणांच्या भाषेला हद्दपार केले. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने ते ठराव नाकारून त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या १३० वर्षांत कित्येक मुले दोन्ही भाषांविना राहिली. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ पासून स्वतंत्र केंद्र आहे. सुज्ञ सल्लागार कोणा एका पंथाचा झेंडा घेत नाहीत. मुलाजवळ वेळेवर एक तरी परिपूर्ण भाषा असावी, हाच त्यांचा आग्रह असतो.

मालाची पारख करूनच सौदा करणाऱ्या कुटुंबांनी येथेही पारख सोडू नये. १९९२ च्या कायद्यानुसार विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ आणि वाचातज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा जवळची सर्वसाधारण की विशेष, ही निवडही त्याचीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या श्रवणदोषाची तपासणी होते. शासनाचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही.

याच करवीर नगरीत १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. मुलाच्या अज्ञानाचा जाब त्यांनी मुलाला नव्हे, पालकाला विचारला. कर्णबधिर बालकाच्या बाबतीत आज असा दंड कोणी आकारत नाही. परंतु निदान टाळण्यात दवडलेल्या प्रत्येक महिन्याची किंमत चुकती होतेच आणि ती त्या मुलाच्या शब्दसंपत्तीतून वजा होत राहते.