लाइनवरची पाळत

ब्रिटनमध्ये बीटी या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये हजारो ग्राहकांवर त्यांच्या नकळत एक प्रयोग केला. ‘फॉर्म’ या जाहिरात कंपनीची यंत्रणा तिने आपल्याच जाळ्यात बसवली. ग्राहक कोणती पाने उघडतो, हे वाटेतच टिपायचे आणि त्यावरून जाहिराती दाखवायच्या. एखादी वेबसाइट नको असेल तर सोडता येते. घरात येणारी लाइनच पाळत ठेवू लागली तर जायचे कुठे? नाव साठवत नाही, फक्त एक क्रमांक देतो, हा ‘फॉर्म’चा खुलासा अनेकांना पटला नाही. तो पटण्यासारखा नव्हताच, कारण परवानगी मुळात कोणी मागितलीच नव्हती. २००८ मध्ये प्रकरण उघड झाले, पुढच्या वर्षी बीटीने योजना गुंडाळली. एप्रिल २०११ मध्ये सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचा निर्णय घेतला.