गरम पाण्याचं बिल आणि २०० युनिटांची रेघ



पहाटे हिडकलच्या पाण्यातून जाळं काढून घरी आलं की पहिलं काम म्हणजे कढत पाण्याची अंघोळ. पूर्वी परड्यात बंब पेटायचा. आता लाकूडफाटा मिळेना, म्हणून घरोघरी गिझर आले आणि थंडीत बिल बघून पोटात गोळा येऊ लागला.

सध्या काही जण विचारतात, "हीट पंप घ्यावा काय?" चला, हिशेब मांडू.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. फ्रीज आतल्या मासळीतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. उष्णता तयार करायची नाही, नुसती वाहून आणायची, म्हणून वीज गिझरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात भागते.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला गिझर रोज सुमारे ३ युनिट खातो, हीट पंप सुमारे १. महिन्याला ९० विरुद्ध ३०.

आता गृहज्योती बघा. ऑगस्ट २०२३ पासून शून्य बिलं येऊ लागली. पण प्रत्येक घराची हक्काची युनिटं आधीच्या वापरावरून ठरलीत. त्यापेक्षा जास्त जाळली तर वरच्या युनिटांचे पैसे पडतात आणि २०० ओलांडली की सगळंच बिल भरावं लागतं. घराचा बाकी वापर १२० धरा. गिझरसह २१० होतात. युनिटला ६ रुपये धरले तरी १,२६० रुपये, स्थिर आकार वेगळा. हीट पंपावर १५० होतात, म्हणजे रेघेच्या आत.

कागलकडच्या पाहुण्यांना गृहज्योती नाही, पण तिकडंही १०० युनिटांपुढं दर चढतो.

तरी घाई नको. हीट पंप गिझरपेक्षा बराच महाग असतो. घरात तीन-चारच माणसं असतील आणि बिल शून्यच येत असेल, तर त्यात पैसे घालून काय मिळणार? मोठं एकत्र कुटुंब असेल, दर थंडीत २०० ओलांडत असेल, तर मात्र विचार करा. छपरावर ऊन येत असेल तर आधी सोलरचीही किंमत काढा.

घेतलाच तर दुपारी चालवा. हवा उबदार असली की कमी विजेत काम होतं. टाकी जाड आवरणाची असली की पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं.

आज एवढंच करा. डिसेंबर-जानेवारीची बिलं काढा, उन्हाळ्याच्या बिलाशेजारी ठेवा. मधला फरक बघितला की गिझर किती खातोय याचा अंदाज येईल.