समेच्या जरासं आधी

भजनाला सुरुवात होण्यापूर्वी पखवाजवाला कणीक मळतो. पाण्याचा हात लावून ती डाव्या पुडीवर बसवतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो. मग उजव्या बाजूसाठी हातोडी घेऊन वाद्यांखालचे गठ्ठे मागेपुढे ठोकतो आणि पेटीच्या सुराशी ती पुडी मिळवून घेतो. तेवढ्या वेळात मलाही माझं काम उरकायचं असतं. देवळात उजेड कुठून येतो, कोणाच्या तोंडावर पडतो, किती पडतो हे पाहून ॲपर्चर आणि शटर ठरवून टाकायचं. एकदा अभंग सुरू झाला की आकड्यांना हात लावायचा नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

पेण तालुक्यातल्या गावदेवळांतला उजेड आता मला पाठ झाला आहे. सभामंडपात दोन ट्यूबलाइट, गाभाऱ्यात एलईडीचा एक पांढराफेक दिवा, समयांची दोन ज्योतींपुरती पिवळी वर्तुळं. मंडळी बसतात ती पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर पांढरी टोपी. कॅमेऱ्यातला मीटर या पांढऱ्याला भुलतो. समोर भरपूर उजेड आहे असं समजून तो कमी प्रकाश घ्यायला सांगतो आणि सदरे छान येऊन माणसांची तोंडं काळवंडतात. म्हणून मीटर मंडळींवर धरायचाच नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात स्वतःचा तळवा धरायचा, त्याचं माप घ्यायचं आणि एक स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. तळवा मीटरच्या मधल्या करड्या रंगापेक्षा साधारण एवढाच उजळ असतो. चारशे वेगाची इल्फर्डची एचपी ५ फिल्म सोळाशेची आहे असं धरून चाललं, की बहुतेक देवळांत एफ २ आणि सेकंदाचा साठावा भाग, इथे येऊन गाडी थांबते. त्यापुढे उजेडच नाही.

सेकंदाच्या साठाव्या भागात पखवाजवाल्याची बोटं थांबत नाहीत, ती पुसट येतात. मात्र हात वर जाऊन खाली यायला वळतो, तेव्हा तो वरच्या टोकाला निमिषभर थबकतो. तिथे चित्र मिळतं. अडचण अशी, की माझा कॅमेरा आरशाचा आहे. निकॉनचा एफएम २, १९८२ साली बाजारात आलेलं मॉडेल, पेणच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडून घेतलेला. बटण दाबलं की आधी आरसा वर जातो, मग पडदा उघडतो. म्हणजे फिल्मवर ज्या क्षणी प्रकाश पडतो, नेमक्या त्याच क्षणी डोळ्यापुढे काळोख असतो. हात वर थबकलेला मला दिसला, तर तो फिल्मवर आलेला नसतो. आला असेल तर तो मी पाहिलेला नसतो.

मग बटण दाबायचं कशाच्या भरवशावर? कानाच्या. भजनी ठेका आठ मात्रांचा. चार-सहा आवर्तनं कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं ऐकलं, की वादकाची चाल कळायला लागते. कोणी समेवर येताना हात खांद्यापर्यंत उचलतो, कोणी मनगटातच काम भागवतो. ‘गदिगन’ येऊ लागलं की पुढचा ‘धा’ मोठा पडणार आणि त्याआधी दोन्ही हात उचलले जाणार, हे कान सांगतो. बटण ‘धा’वर दाबलं तर उशीर झालेला असतो. ते ‘धा’च्या जरासं आधी दाबायचं, बुवा समेवर यायला श्वास घेतात त्याच्याबरोबर. मला स्वतःला वाजवता येत नाही, पण रूपाच्या अभंगापासून शेवटच्या गजरापर्यंत लय कुठे वाढणार आणि टाळ कधी छातीवरून डोक्यावर जाणार, हे ऐकून ऐकून अंगात मुरलं आहे. आरशाचा ‘खट्’ आवाजही समेच्या थापेत बुडून जातो. संथ आलापात तो आवाज केला तर पेटीवाल्याची मान वळते आणि ते रास्तच आहे.

हे सगळं मोबाइलवर होत नाही का? होतं. मंडपातली निम्मी पोरं तेच करत असतात. पण प्रत्येक फोटोनंतर मान खाली जाते, काय आलं ते बघितलं जातं आणि तेवढ्यात एक कडवं निघून जातं. माझ्याकडे बघण्यासारखं काही नसतं. छत्तीस चित्रांचा रोल, त्याची किंमत हजाराच्या घरात, आणि काय मिळालं ते कळायला दोन दिवस. त्यामुळे उरलेला सगळा वेळ गाणं ऐकण्यात जातो. संगीताची चांगली प्रकाशचित्रं या ऐकण्यातूनच निघतात, असं माझं ठाम मत आहे. पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी किंवा रघु राय यांनी शास्त्रीय गायक-वादकांची टिपलेली कृष्णधवल चित्रं पाहा. त्यांत मिटलेले डोळे आणि उचललेला हात नुसता सुंदर दिसतो म्हणून टिपलेला नाही. गाणं त्या वेळी कुठे पोहोचलं होतं, ते त्या चित्रात कळतं.

रोल मी घरीच धुतो. माझी नोकरी रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत, एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. त्यामुळे बाटलीवरचं नाव वाचून तिच्यात काय आहे हे जाणून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकने १९२० च्या दशकात काढला आणि त्याची कृती कधीच गुपित राहिली नाही: मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, पाणी एक लिटर होईल इतकं. पाणी पन्नास अंशांच्या आसपास गरम घ्यायचं. क्रमाला फार महत्त्व आहे. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, म्हणून मेटॉल आधी. पण मेटॉल एकटं पाण्यात टाकलं तर हवेने खराब होऊ लागतं, म्हणून त्याच्याही आधी सल्फाइटची एक चिमूट. मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, मग बाकीचं. इल्फर्डचा आयडी-११ याच घराण्यातला. त्याच्या तक्त्यात एचपी ५ चारशेला साडेसात मिनिटं आणि सोळाशेला चौदा मिनिटं दिली आहेत, वीस अंशांवर.

वीस अंश हे थंड देशांतल्या खोलीचं तापमान. आमच्याकडे मार्चमध्ये नळाचं पाणी तिशीला टेकलेलं असतं. मी चोवीस अंश धरतो. घमेल्यात पाणी, त्यात बर्फाच्या बंद पिशव्या आणि मधोमध डेव्हलपर, हायपो आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या एकाच तापमानाला आणून ठेवलेल्या. चोवीसला चौदाची साधारण दहा मिनिटं होतात. अंधाऱ्या पिशवीत हात घालून फिल्म स्पूलवर चढवायची, टाकीचं झाकण लावायचं, डेव्हलपर ओतायचा. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत टाकी चारदा उलटीसुलटी करायची आणि शेवटी ती ओट्यावर आपटायची, म्हणजे बुडबुडे फिल्मला चिकटत नाहीत.

वेळ वाढवून धुण्याला ‘पुश करणं’ म्हणतात आणि त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. फिल्मचा वेग त्याने वाढत नाही. जिथे प्रकाश पडलाच नाही, तिथे डेव्हलपरमध्ये तासभर बुडवून ठेवलं तरी काही उगवत नाही. वाढतं ते आधीच थोडंफार उमटलेलं: कपाळावरचा घाम, पेटीच्या पट्ट्या, टाळांची कड. खांबामागचा काळोख कोराच राहतो आणि दाणा जाड होतो. भजनाला हे मानवतं. देवळातल्या कॅलेंडरांची आणि लोंबत्या वायरींची गर्दी काळोखात जाते आणि तोंडं तेवढी वर येतात.

निगेटिव्ह वाळवायची वेळ आली की पेणमध्ये राहण्याची किंमत मोजावी लागते. गणपतीच्या आधीचे महिने गावात आणि हमरापूर-जोह्याकडे कारखान्यांतून मूर्तींवर काम चालू असतं आणि प्लास्टरची पांढरी भुकटी हवेत असतेच असते. ओल्या जिलेटिनवर बसलेला तो कण पुढे प्रिंटवर पांढरा ठिपका होऊन उमटतो. उपाय एकच: न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ करायची, वाफेने धूळ खाली बसू द्यायची आणि मग तिथेच दोरीला चिमटा लावून फिल्म टांगायची. पावसाळ्यात ती सुकायला रात्र पुरत नाही. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलचा डबा हवा, तो वेगळाच.

शिमग्याला हे सगळं शहाणपण निम्म्यावर येतं. रोह्याच्या आसपासच्या गावांत पालखी निघते तेव्हा पुढे खालुबाजा असतो: सनई, ढोल, टिमकी. दिवस मावळतो, होळी पेटते, आणि उजेडाचा पत्ता दर सेकंदाला बदलतो. इथे मी हलणाऱ्याला थांबवण्याचा नाद सोडून दिला. शटर सेकंदाच्या आठव्या भागावर आणलं, कोपरं बरगड्यांना टेकवली आणि उलट प्रयोग सुरू केला, हलतंय ते हलू द्यायचा. त्यातून जे दिसलं त्याने मी हरखून गेलो. पालखी नाचवणारे, गुलाल उधळणारे, टिमकीच्या काड्या, सगळं वाहून गेलेलं असतं आणि मधोमध सनईवाला रेखीव उभा. त्याला हलणं परवडत नाही. तो गालांत हवा साठवून, त्या हवेवर सूर धरून, त्याच वेळी नाकाने श्वास घेत असतो. गाल फुगलेले असताना त्याची मान अगदी स्थिर असते. ते गाल बसले की फुंक बदलते आणि खांदे हलतात. आता मी त्याचे गाल बघून बटण दाबतो.

दुसरा प्रयोग एकावर एक चित्र घेण्याचा. एफएम २ ला त्यासाठी छोटा दांडा आहे, तो ओढून धरला की पडदा पुन्हा भरतो पण फिल्म पुढे सरकत नाही. दिवसा असं केलं तर दोन्ही चित्रं एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला निम्मा प्रकाश द्यावा लागतो. रात्री तसा हिशोब लागत नाही. पहिल्या चित्रात ढोलाचं कातडं एका कोपऱ्यात आलं आणि बाकी काळोख असला, तर त्या काळोखात दुसरं चित्र पूर्ण प्रकाशाने बसतं. ढोलाच्या वर्तुळाशेजारी होळीच्या ज्वाळा मिळाल्या त्या अशा.

हळदीच्या बेंजोबद्दल थोडक्यात. तिथे एलईडीचे रंगीत झोत गाण्याबरोबर बदलतात आणि कृष्णधवल फिल्म त्यांच्याशी विलक्षण वागते. लाल झोतात कपाळावरचं कुंकू नाहीसं होतं, ओठही त्वचेत मिसळतात. निळ्या झोतात नवरदेवाच्या गालांवरची हळद काळी पडते, कारण पिवळा रंग निळा प्रकाश गिळून टाकतो. रंगीत फिल्म वापरायची तर सिनेस्टिल ८००टी. सिनेमाच्या फिल्मच्या पाठीवरचा काळा थर काढून टाकलेला असल्याने दिव्यांभोवती तांबूस वलय येतं. एकदोनदा ते फार आवडतं, मग प्रत्येक चित्रात तेच दिसायला लागतं. मी ती सोडली.

स्टुडिओवाल्या काकांच्या कपाटातून ‘इंदू’चे काही रोल मिळाले. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे. हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि १९६७ पासून तिथे उत्पादन होऊ लागलं. एके काळी गावोगावच्या स्टुडिओंत हीच फिल्म असे, आज तिथे काही बनत नाही. कोकणच्या दमट हवेत इतकी वर्षं पडलेली फिल्म धुरकटणारच, आणि तिचा वेगही घटतो. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा असा ठोकताळा आहे. रात्रीच्या कामाला ती गेलीच. म्हणून ती रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीसाठी ठेवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी निघते तेव्हा पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. उजेड भरपूर, आणि सलामीपुरता सगळा घोळका जागच्या जागी उभा. एका रोलवर फक्त धुकं आलं. दुसऱ्यावर बंदुकांची रांग, गोंडे आणि मागे सनई खाली धरून थांबलेला वादक, सगळं करड्या पडद्याआडून पण स्पष्ट आहे. सरकारी कारखान्यातली ती फिल्म इतक्या वर्षांनीही काम करते, याचा मला फार आनंद झाला.

चित्रं ज्यांची आहेत त्यांना प्रिंट द्यायची, हा दुसरा नियम. पखवाजवाल्या बुवांनी पाच बाय सातचा प्रिंट चष्मा वर करून पाहिला. पुसट आलेल्या बोटांबद्दल ते काही बोलले नाहीत. “डावा अजून खाली आला नाय,” ते म्हणाले, “म्हणजे हा ‘धा’च्या आधीचा.” मग दुसरा प्रिंट पाहून, “ह्यात मी चुकलोय,” आणि शेजारच्या टाळकऱ्याला ती चूक मांडीवर वाजवून दाखवली. टाळकऱ्याला ती रात्र आठवत होती.

खालुबाजाच्या मंडळींना मात्र माझी वाहती चित्रं पटली नाहीत. सनईवाले दादा म्हणाले, “बॅनरला लावायचा तर सगळ्यांची तोंडं दिसायला होवीत, वाद्यं पण. सुपारी कोण देईल हे बघून?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या रविवारी सकाळी दहाला त्यांच्या अंगणात सगळे रांगेत उभे राहिले, ढोल मधोमध, फेट्यांच्या इस्त्र्या मोडू नयेत म्हणून आंब्याच्या सावलीत. एफ ८, सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. मी कॅमेरा डोळ्याला लावला तरी दादांचे गाल नेहमीसारखे दिसेनात, म्हणून त्यांना खरंच वाजवायला सांगितलं. त्यांनी वाजवलं, टिमकीवाल्यालाही राहवलं नाही, आणि शेजारपाजारची पोरं जमली. ते चित्र आता त्यांच्या बॅनरवर आहे, खाली दादांचा मोबाइल नंबर.