सत्य आणि सिद्धता

मोजक्या गृहीतकांपासून, म्हणजे सिद्धतेवाचून स्वीकारलेल्या विधानांपासून, तर्काचे ठरलेले नियम लावत गेल्यास अंकगणितातील प्रत्येक सत्यापर्यंत पोचता येईल, या विश्वासाने जर्मनीतील येना येथील गोटलोब फ्रेगे यांनी अंकगणित निव्वळ तर्कशास्त्रावर उभे करण्याचा घाट घातला होता. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापला जात असतानाच, जून १९०२ मध्ये, त्यांना बर्ट्रंड रसेल यांचे पत्र आले. जे संच स्वतःचेच घटक नाहीत अशा सर्व संचांचा एक संच कल्पिला, तर तो स्वतःचा घटक ठरतो की नाही, असा प्रश्न त्यातून उभा राहत होता. ‘ठरतो’ म्हणावे तर ‘ठरत नाही’ असे निष्पन्न होते आणि ‘ठरत नाही’ म्हणावे तर ‘ठरतो’ असे. पायाच खचला असताना फ्रेगे यांनी ती विसंगती दडवली नाही, तर १९०३ मध्ये निघालेल्या खंडाला परिशिष्ट जोडून ती स्वतःच मांडली. बौद्धिक प्रामाणिकपणाची इतकी स्वच्छ उदाहरणे फार थोडी आहेत.

अशी विसंगती पुन्हा उद्भवणार नाही, याची गणितानेच गणिताला हमी द्यावी, असा गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांचा आग्रह होता. ती हमी मिळणे किती अवघड आहे, हे कुर्ट गोडेल या चोवीस वर्षांच्या तर्कशास्त्रज्ञाने सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्सबर्ग येथील परिषदेत सूचित केले आणि पुढच्या वर्षी शोधनिबंधातून सिद्ध केले.

त्यांची युक्ती विलक्षण आहे. शून्याच्या चिन्हाला १ आणि बरोबरच्या चिन्हाला २ असे क्रमांक दिले, तर ‘० = ०’ या विधानासाठी १, २, १ हे क्रमांक मिळतात; ते २, ३ व ५ या मूळ संख्यांचे घातांक मानून गुणाकार केला की ९० येतात, आणि ९० चे मूळ अवयव पाडले की तेच विधान जसेच्या तसे परत हाती येते. विधानांप्रमाणे सिद्धतांनाही असे क्रमांक देता येत असल्यामुळे संख्यांविषयी बोलणारे अंकगणित स्वतःविषयी बोलू लागते, आणि ‘हे विधान या पद्धतीत सिद्ध करता येत नाही’ अशा अर्थाचे विधान त्यातच रचता येते. ही पद्धत, म्हणजे गृहीतके आणि तर्काचे नियम यांची चौकट, सुसंगत असेल तर ते विधान सिद्ध होत नाही, आणि म्हणूनच ते सत्य असते. शिवाय अशी पद्धत स्वतःची सुसंगती स्वतःच्या बळावर सिद्ध करू शकत नाही, हे दुसरे प्रमेय हिल्बर्ट यांच्या अपेक्षेला थेट छेद देणारे ठरले.

यावरून गणित डळमळीत आहे किंवा बुद्धी थिटी आहे, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक आहे. गोडेल यांनी दाखवलेली मर्यादा एकेका पद्धतीची असून, एका पद्धतीत न सुटणारे विधान अधिक समर्थ पद्धतीत सुटू शकते. रूबेन गुडस्टीन यांनी १९४४ मध्ये साध्या नैसर्गिक संख्यांच्या क्रमिकांविषयी मांडलेले प्रमेय संचसिद्धान्ताच्या आधारे सिद्ध होते. मात्र पेआनो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकगणिताच्या गृहीतकांवरून ते सिद्ध होऊच शकत नाही, हे लॉरी किर्बी आणि जेफ पॅरिस यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले.