पाकळ्या आंबवून मिळणारा लाल

जपानमध्ये ओठ रंगवण्यासाठी शेकडो वर्षं वापरात असलेला एक रंग चिनी मातीच्या लहानशा वाटीत मिळतो. वाटीच्या आतल्या बाजूला त्याचा पातळ लेप दिलेला असतो. त्याला बेनी म्हणतात. वाळलेला बेनी लाल दिसतच नाही. तो भुंगेऱ्याच्या पाठीसारखा चकाकता हिरवा दिसतो, आणि पाण्यात बुडवलेला कुंचला त्यावरून फिरला की क्षणात गर्द लाल होतो. टोकियोतली इसेहान ही पेढी १८२५ पासून तो बनवते आहे. एदो काळातल्या बेनीच्या पेढ्यांपैकी आज तेवढी एकच टिकून आहे.

हा लाल रंग येतो करडईच्या फुलातून. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीत उभी असते तीच ही करडई. आपण तिच्या कोवळ्या पानांची भाजी खातो, बियांचं तेल काढतो. कुसुंबी रंगाची वस्त्रं पूर्वी याच फुलांनी रंगत, हे मात्र आता फारसं कुणाला आठवत नाही. जपानमध्ये यामागाता प्रांतातल्या मोगामी नदीच्या खोऱ्यात ही फुलं रंगासाठीच पिकवली जातात. पहाटेच्या दवात काटे मऊ असतात, म्हणून खुडणी उजाडायच्या आत करायची, अशी तिकडची रीत आहे. (फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण तयार केले आहेत. हाताने पाकळ्या वेचायच्या झाल्या तर त्यांचं मोल किती, हे ज्याने करडईत हात घातला आहे त्यालाच कळेल.)

अडचण अशी की करडईच्या पाकळीत लाल रंग जेमतेम शेकडा एक असतो, बाकी जवळजवळ सगळा पिवळा. पिवळा पाण्यात विरघळतो, लाल विरघळत नाही. त्यामुळे पाकळ्या आधी पाण्यात तुडवून तुडवून धुतात आणि पिवळं पाणी सोडून देतात. खरी करामत यानंतरची आहे. ओल्या पाकळ्या सावलीत पसरून, वरून पाणी शिंपडत, मधूनमधून उलथत दोनतीन दिवस आंबू देतात. त्या गरम होतात, चिकट होतात आणि पाहता पाहता लाल चढू लागतो. मग त्या कुटून, चपट्या वड्या थापून उन्हात वाळवतात. या वड्यांना बेनीमोची म्हणतात. त्या मोगामी नदीतून होडीने साकाता बंदरात आणि तिथून जहाजांनी क्योतोकडे जात.

त्या दोनतीन दिवसांत पाकळीत काय घडतं, हे रसायनशास्त्राला फार उशिरा उलगडलं. ताज्या फुलात लाल रंगाचं एक पिवळं पूर्वद्रव्य असतं. पाकळ्या तुडवल्या की पेशी फुटतात, ओलावा आणि ऊब मिळते, हवा आत शिरते. पाकळीतलंच एक विकर त्या पूर्वद्रव्याचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि उरतो तो लाल कार्थामिन. म्हणजे आंबवताना नुसती पाकळी मऊ होत नाही, रंगाचा बराच भाग तिथेच जन्माला येतो. यामागाताच्या शेतकऱ्यांकडे यातलं एकही सूत्र नव्हतं. पाणी किती शिंपडायचं, कधी थांबायचं हे त्यांनी हाताने आणि नाकाने ठरवलं होतं, आणि ते अचूक होतं.

पुढची पायरीही तितकीच देखणी आहे. वड्या राखेच्या अल्कधर्मी पाण्यात भिजवल्या की कार्थामिन विरघळतो. त्यात धुरावलेल्या आलुबुखारांचा आंबट काढा घातला की तो पुन्हा पाण्यातून वेगळा होऊ पाहतो. अशा वेळी तागासारख्या तंतूंचे झुबके त्यात बुडवतात. लाल रंग तंतूंना धरतो, उरलासुरला पिवळा पाण्यातच राहतो. तंतूंतून रंग पुन्हा सोडवायचा, पुन्हा आंबट घालायचं, साका गाळून घ्यायचा. कडाक्याच्या थंडीत बनलेला बेनी सर्वांत उत्तम मानला जाई. तो सोन्याच्या तोलाचा आहे अशी त्या काळची बोली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तर खालच्या ओठावर थरावर थर देऊन तो हिरवा चमकवण्याची टूम निघाली. ज्यांना एवढा बेनी परवडत नसे त्या ओठांना आधी शाई लावत आणि वर बेनीचा एक पातळ हात देत.

मग १८५६ साल उजाडलं. लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन घरातल्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याची खटपट करत होता. कोळशाच्या डांबरातून निघालेल्या ॲनिलीनपासून त्याला क्विनीन मिळालं नाही, जांभळा रंग मिळाला. त्यामागोमाग डांबरातून रंगांची रांगच लागली. हे रंग स्वस्त होते, दर वेळी हुबेहूब तेच येत आणि पुष्कळसे उन्हातही टिकत. करडईचा लाल उन्हात विटतो. कृत्रिम रंगांनी नैसर्गिक रंगांना मागे टाकलं ते या गुणांवर, आणि हे प्रांजळपणे मान्य केल्याशिवाय पर्यायांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

किंमतही मोजावी लागली. १९३० च्या दशकात अमेरिकेत पापण्या रंगवण्याच्या ‘लॅश ल्यूर’ नावाच्या द्रव्याने बायकांची दृष्टी गेली. त्यात पॅरा-फिनिलीनडायअमीन होतं. सौंदर्यप्रसाधनं सरकारी कायद्याखाली आणणाऱ्या १९३८ च्या तिथल्या कायद्यामागे अशी प्रकरणं होती. ‘रेड ३’ म्हणजे एरिथ्रोसिन हा रंग उंदरांत थायरॉइडच्या गाठी दिसल्यावर १९९० मध्ये तिथल्या सौंदर्यप्रसाधनांतून बाद झाला. खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढायला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. लिपस्टिक तर लावण्याचीही वस्तू आणि नकळत पोटात जाण्याचीही. तिच्यातल्या रंगाची चौकशी कडक असायलाच हवी.

इथे एका बाईंचं नाव आदराने घ्यायला हवं. चिका कुरोदा. १९१३ मध्ये जपानच्या तोहोकु शाही विद्यापीठाने पहिल्यांदा तीन स्त्रियांना प्रवेश दिला, त्यांतल्या त्या एक. मुरासाकी नावाच्या झुडपाच्या जांभळ्या मुळात शिकोनिन हे रंगद्रव्य असतं, त्याची रचना त्यांनी १९१८ मध्ये मांडली. १९२१ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक होते विल्यम पर्किन धाकटे, म्हणजे डांबरातून जांभळा काढणाऱ्या त्या पर्किनचे चिरंजीव. परतल्यावर त्यांनी करडईचा कार्थामिन हाती घेतला आणि त्यावर १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांनी सुचवलेली कार्थामिनची रचना पुढे १९७९ मध्ये सुधारली गेली, इतका हा रेणू गुंतागुंतीचा होता. कुरोदांनी हाताळलेल्या या दोन्ही रंगांचा ओठांशी संबंध आहे. एक आधीपासून ओठांवर होता, दुसरा त्यांच्या हयातीनंतर आला.

शिकोनिनचा तो प्रवास सांगण्याजोगा आहे. मुरासाकीचं मूळ रंगासाठी आणि औषधासाठी वापरलं जाई. शस्त्रवैद्य हानाओका सेइश्यू (१७६० ते १८३५) यांचं जखमेवरचं प्रसिद्ध जांभळं मलम म्हणजे तिळाचं तेल आणि मेणात उतरवलेला या मुळाचा अर्क. शिकोनिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात छान उतरतो. काश्मिरी रोगन जोशमध्ये रतनजोतीचं मूळ गरम तेलात सोडतात तेही याच कारणाने, कारण रतनजोतीचा रंग याच कुळातला आहे. लिपस्टिकही मुळात तेल आणि मेणच असते, तेव्हा तिला असा रंग जणू मागूनच घेतलेला. पण जपानमध्ये रानातली मुरासाकी दुर्मिळ झाली होती, मूळ जाड व्हायला वर्षं लागत, आणि त्यात रंग शेकडा एकदोनच.

क्योतो विद्यापीठात मामोरू ताबाता आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या झाडाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्याकडून शिकोनिन बनवून घेतला. पेशींच्या खोडी विलक्षण होत्या. उजेड पडला की त्या रंग बनवणं थांबवत. खाद्यात अमोनियम असलं तरी थांबवत. तांबं थोडं वाढवलं की उत्साहाने बनवत. याच खोडींवर मित्सुई पेट्रोकेमिकल कंपनीने दोन टाक्यांची पद्धत बसवली. दोनशे लिटरच्या पहिल्या टाकीत भरपूर खाऊ घालून पेशी नुसत्या वाढवायच्या, मग साडेसातशे लिटरच्या दुसऱ्या टाकीत अमोनियम नसलेल्या खाद्यात सोडायच्या. तिथे त्या वाढ आवरतात आणि लाल होतात. सगळं मिळून सुमारे तीन आठवडे लागत, आणि पेशींच्या कोरड्या वजनात रंगाचं प्रमाण मुळाच्या कित्येक पट होई. १९८३ मध्ये हे व्यापारी उत्पादन सुरू झालं आणि कानेबो कंपनीने या रंगाची ‘बायो’ लिपस्टिक बाजारात आणली. वनस्पतीच्या पेशी टाकीत वाढवून विक्रीचा माल काढण्याची जगातली ही पहिली यशोगाथा मानतात. या टाकीत दारूसारखं काही आंबत नाही, पण उद्योगात जिवंत पेशी टाकीत पोसून माल काढण्याला सर्रास किण्वनच म्हणतात.

आज या वाटेने बुरशी आणि जिवाणूही कामाला लागले आहेत. त्यांत सर्वांत जुनी मोनॅस्कस बुरशी. चीनमध्ये तांदळावर ती वाढवून लाल तांदूळ करतात. तिचं मूळ रंगद्रव्य नारिंगी असतं, आणि अमिनो गट असलेला रेणू भेटला की त्याला धरून ते लाल होतं. म्हणून बुरशीला कोणतं नायट्रोजनयुक्त खाद्य घातलं यावर छटा ठरते. पण काही मोनॅस्कस जाती सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही बनवतात. २०२४ मध्ये जपानमध्ये लाल तांदळाच्या पूरक गोळ्या खाणाऱ्यांना मूत्रपिंडाचे विकार झाले. तपासात उत्पादनात शिरलेल्या दुसऱ्याच एका बुरशीचं प्युबेरुलिक ॲसिड सापडलं. गोळी आणि लिपस्टिक या वेगळ्या वस्तू आहेत हे खरं. तरीही ‘नैसर्गिक’ हा शब्द डबीवर छापला की तपासणी संपली असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. टाकीत कोणती जात आहे, तिच्यासोबत आणखी कोण वाढतंय, हे प्रत्येक घाण्याला तपासावं लागतं.

मला सर्वांत मोठी आशा वाटते ती कार्मिनिक ॲसिडबद्दल. लिपस्टिकमधला प्रसिद्ध कार्माइन हा निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांच्या माद्या वाळवून काढतात, बराचसा पेरूमध्ये. (आपल्याकडे पायाला लावायचा अळता लाखेच्या किड्यापासून करत, तो याचाच दूरचा भाऊबंद.) कित्येकांना किड्याचा रंग नको असतो, काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि अमेरिकेत २०११ पासून वेष्टनावर त्याचं नाव स्पष्ट लिहावं लागतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी किड्यातलं एक विकर ओळखलं, जे या रेणूवर साखर बसवतं. ते बुरशीत घालून त्यांनी २०१८ मध्ये टाकीतला कार्मिनिक ॲसिड जाहीर केला. दक्षिण कोरियाच्या काइस्ट संस्थेने २०२१ मध्ये तो ग्लुकोजवर वाढणाऱ्या ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेतला. प्रमाण अजून अल्प आहे. पण ॲल्युमिनियमशी जोडून त्याची न विरघळणारी भुकटी कशी करायची, मेणात ती कशी बसते, किती टिकते, हे प्रसाधनं बनवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कार्थामिन किंवा मोनॅस्कसच्या लालाला ही सोय नाही, आणि अमेरिकेच्या सौंदर्यप्रसाधनांसाठी मंजूर रंगांच्या यादीत हे दोन्ही नाहीत. कार्माइन आहे, मात्र तिथे त्याची व्याख्याच कोचिनील किड्यावर बेतलेली आहे. त्यामुळे रेणू तोच असला तरी टाकीतल्या रंगाला स्वतःची शुद्धता, टाकीतल्या जिवाणूचे राहून गेलेले अंश आणि त्वचेवरची सुरक्षितता यांचे कागद वेगळे सादर करावे लागतील.