अवटु-न्यूनता : औषधमात्रेची निश्चिती

गळ्याच्या पुढील भागात श्वासनालाला लागून असलेल्या अवटु ग्रंथीकडून (थायरॉइड ग्रंथीकडून) शरीराच्या गरजेपेक्षा कमी हॉर्मोने निर्माण होऊ लागली म्हणजे जी विकृती उद्‌भवते, तिला अवटु-न्यूनता म्हणतात. थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, त्वचा कोरडी पडणे, बद्धकोष्ठता, आवाज घोगरा होणे, नाडी मंदावणे आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळीत बिघाड होणे ही तिची प्रमुख लक्षणे होत. लिव्होथायरॉक्सीन हे कृत्रिम रीत्या तयार केलेले हॉर्मोन रोज तोंडाने देऊन ही उणीव भरून काढता येते. औषध एकच असले, तरी त्याची मात्रा मात्र सर्वांना सारखी नसते. ती कमी पडल्यास रोग कायम राहतो आणि जास्त झाल्यास हृदय व अस्थी यांना अपाय होतो. योग्य मात्रा एकाच भेटीत ठरत नाही. ती मापन, प्रतीक्षा आणि अल्पसा बदल या क्रमाने शोधावी लागते.

ऐतिहासिक आढावा : प्रौढ स्त्रियांमधील या विकाराचे वर्णन विल्यम गल या ब्रिटिश वैद्यांनी १८७३ साली केले. त्वचेखाली येणाऱ्या विशिष्ट सुजेवरून विल्यम ऑर्ड यांनी १८७८ साली त्याला ‘मिक्सिडीमा’ (श्लेष्मशोफ) हे नाव दिले. १८९१ मध्ये जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क ४६ वर्षे वयाच्या एका स्त्रीस टोचला. हा उपचार पुढे तोंडावाटे चालू राहिला आणि ती आणखी सुमारे २८ वर्षे जगली. एडवर्ड केंडाल यांनी १९१४ साली अमेरिकेत थायरॉक्सीन स्फटिकरूपात वेगळे केले, तर चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची रासायनिक संरचना निश्चित केली. प्राण्यांच्या ग्रंथींपासून केलेल्या भुकटीची शक्ती प्रत्येक वेळी सारखी नसे. कृत्रिम थायरॉक्सिनामुळे ही अडचण दूर झाली.

तथापि मात्रा बरोबर आहे किंवा नाही, हे पुष्कळ काळ केवळ लक्षणांवरून आणि चयापचयाच्या स्थूल मापनावरून ठरवावे लागे. त्यामुळे दररोज २०० ते ४०० मायक्रोग्रॅम (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षांश भाग) एवढी, म्हणजे आजच्या मानाने फार मोठी, मात्रा दिली जाई. रोझालिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापनाचे तंत्र विकसित केले आणि १९६५ च्या सुमारास त्याचा उपयोग अवटु-उद्दीपक हॉर्मोनाच्या मापनासाठी होऊ लागला. त्यानंतर पूर्वीच्या मात्रा अनेकांना जास्त होत होत्या, हे ध्यानात आले. महाराष्ट्रात मुंबईतील परळ येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटर या संस्थेत अवटु विकारांचे निदान व उपचार यांवर दीर्घकाळ काम झाले आहे.

मापनाचे तत्त्व : मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी अवटु-उद्दीपक हॉर्मोन (संक्षेपाने टीएसएच) स्रवते. रक्तातील थायरॉक्सीन कमी झाले की, टीएसएच वाढते व थायरॉक्सीन जास्त झाले की, ते घटते. हा संबंध सरळ प्रमाणाचा नाही. थायरॉक्सीन निम्मे झाल्यास टीएसएच सुमारे शंभरपट वाढू शकते. म्हणून मात्रेतील लहान चूकही टीएसएचच्या मापनात ठळकपणे दिसून येते. बहुतेक प्रौढांत त्याची प्राकृत मर्यादा लिटरमागे ०·४ ते ४ मिलि-एकक मानतात. वृद्धांत ती काहीशी वर सरकते. पोष ग्रंथीच्या विकारामुळे उद्‌भवलेल्या अवटु-न्यूनतेत मात्र टीएसएचवर विसंबून चालत नाही. तेथे रक्तातील मुक्त थायरॉक्सीन मोजावे लागते.

थायरॉक्सिनाचे अर्धायुष्य (शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचे असते. मात्रा बदलल्यानंतर रक्तातील पातळी स्थिर होण्यास पाच ते सहा आठवडे लागतात आणि पोष ग्रंथीचा प्रतिसाद त्यानंतर स्थिरावतो. यामुळे सहा ते आठ आठवड्यांपूर्वी केलेली तपासणी फसवी ठरू शकते. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून मात्रा वाढविणे आणि पुढे छाती धडधडू लागली म्हणून ती एकदम बंद करणे, ही उपचारातील नेहमीची चूक होय.

प्रारंभिक मात्रा : ग्रंथीचे कार्य जवळजवळ थांबलेल्या प्रौढास शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज सुमारे १·६ मायक्रोग्रॅम लिव्होथायरॉक्सीन लागते. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस ही मात्रा १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास येते. हृदयविकार नसलेल्या तरुण रुग्णास ती आरंभापासून देता येते. वृद्ध रुग्ण व हृद्‌शूल असलेले रुग्ण यांच्या बाबतीत १२·५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवितात, कारण चयापचय एकाएकी वाढल्यास हृदयाची प्राणवायूची गरजही एकाएकी वाढते. अधिवृक्क ग्रंथीची न्यूनता असल्याचा संशय असल्यास तिच्यावरील उपचार आधी करतात. तसे न केल्यास थायरॉक्सिनाने रुग्णाच्या जिवास धोका पोहोचू शकतो. टीएसएच केवळ किंचित वाढलेले असून लक्षणे नसल्यास, विशेषतः वृद्धांत, औषधाची गरज नसतेही. अशा वेळी काही काळाने पुन्हा तपासणी करणे इष्ट असते.

आयोडीनयुक्त मीठ हा या औषधाचा पर्याय नव्हे. आयोडिनाच्या अभावाने होणारा गलगंड टाळण्यास ते आवश्यक आहे. परंतु आत्मप्रतिरक्षेमुळे (शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच आपल्या ऊतकावर हल्ला केल्यामुळे) ग्रंथी निकामी झाल्यास अधिक आयोडीन घेऊन ती पूर्ववत होत नाही.

औषध घेण्याची रीत : लिव्होथायरॉक्सिनाचे शोषण लघ्वांत्रात होते. उपाशीपोटी घेतलेल्या मात्रेपैकी ७० ते ८० टक्के भाग शोषला जातो. अन्न, चहा-कॉफी व सोयाबीनचे पदार्थ यांमुळे हे प्रमाण घटते. म्हणून सकाळी उठल्यावर गोळी केवळ पाण्याबरोबर घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊपिऊ नये. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी झोपतेवेळी घेणेही चालते. परंतु वेळ रोज तीच असावी. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील काही औषधे यांच्यापासून चार तासांचे अंतर ठेवावे. क्षयावरील रिफॅम्पिसीन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन यांमुळे थायरॉक्सिनाची गरज वाढते. गोळ्या उष्णता, ओल व प्रकाश यांपासून जपाव्या लागतात. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्यावी. कंपनी बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा मोजावे.

ही पथ्ये शहरात जेवढी सोपी वाटतात, तेवढी ती ग्रामीण भागात असत नाहीत. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला पैनगंगेच्या काठी वसलेल्या झरी जामणी तालुक्याचे उदाहरण घेता येईल. नदीपलीकडे तेलंगणाची हद्द लागते. कोलाम व गोंड समाजांची वस्ती असलेल्या या भागात कापूस हे प्रमुख पीक आहे आणि शेतमजुरीचा दिवस पहाटेच सुरू होतो. सकाळच्या चहापूर्वी तासभर थांबणे ज्यांना जमत नाही, त्यांनी गोळी रात्री घेणे अधिक सोयीचे ठरते. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुष्कळ वर जाते. पत्र्याच्या छपराखाली फळीवर ठेवलेल्या गोळ्यांची शक्ती अशा उष्णतेत घटू शकते. म्हणून त्या मूळ वेष्टनातच, घरातील सर्वांत थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात. मात्रा पुरेशी असूनही टीएसएच वाढलेले दिसल्यास ती वाढविण्यापूर्वी गोळी केव्हा, कशाबरोबर व किती दिवस चुकवून घेतली आणि कोठे ठेवली, याची चौकशी करणे अगत्याचे असते.

गर्भारपण : पहिल्या तिमाहीत गर्भाची स्वतःची ग्रंथी कार्यक्षम नसते, त्याच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनावर अवलंबून असते. आधीपासून उपचार घेणाऱ्या स्त्रीची मात्रा गर्भधारणा कळताच सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते. आठवड्यात सातऐवजी नऊ गोळ्या घेणे ही त्याची एक सोपी रीत आहे. गर्भारपणाच्या पूर्वार्धात दर चार आठवड्यांनी टीएसएच मोजतात व ते २·५ च्या खाली राखण्याचा प्रयत्न करतात. याच काळात सरकारी आरोग्य केंद्रांतून लोहाच्या व कॅल्शियमाच्या गोळ्या दिल्या जातात. तिन्ही गोळ्या एकत्र घेतल्यास थायरॉक्सिनाचे शोषण घटते आणि हानी गर्भाची होते. लोह वा कॅल्शियम बंद करणे हा यावरील उपाय नव्हे. थायरॉक्सीन पहाटे, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोह रात्री, अशी विभागणी केल्यास तिन्हींचा लाभ होतो. प्रसूतीनंतर मात्रा पूर्ववत करून सहा आठवड्यांनी तपासणी करतात.

नवजात अर्भक : भारतात सुमारे हजार-बाराशे जन्मांमागे एका बालकात ही न्यूनता जन्मजात आढळते. जन्मतः लक्षणे बहुधा दिसत नाहीत. ती दिसेपर्यंत थांबल्यास मतिमांद्य व खुंटलेली वाढ ही कायमची वैगुण्ये उरतात. म्हणून टाचेतील किंवा नाळेतील रक्ताची तपासणी करून पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू करणे श्रेयस्कर असते. दर किलोग्रॅममागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम ही मात्रा प्रौढांच्या कित्येकपट आहे. गोळी चुरून थोड्याशा पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून लगेच चमच्याने पाजतात.

मात्रा अधिक झाल्यास : छातीत धडधड, हातांना कंप, निद्रानाश व वजन घटणे ही लक्षणे दिसतात. वृद्धांमध्ये हृदयाच्या अलिंदांचे स्पंदन अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या अस्थी ठिसूळ होतात. केवळ वजन कमी करण्यासाठी हे औषध घेणे म्हणूनच घातक असते. याउलट एखाद्या दिवशी गोळी राहून गेल्यास घाबरण्याचे कारण नसते. त्याच दिवशी आठवण होताच ती घ्यावी.

औषधाची क्रिया मंद व दीर्घकाळ टिकणारी असल्याने प्रयोगशाळेपासून दूर राहणाऱ्या रुग्णालाही योग्य मात्रा गाठता येते. त्यासाठी तपासण्या फार नव्हे, तर योग्य वेळी व्हाव्या लागतात : मात्रा ठरेपर्यंत सहा ते आठ आठवड्यांनी आणि ती स्थिर झाल्यावर वर्षातून एकदा. टीएसएचचे प्रत्येक मापन, त्याची तारीख व त्या वेळची मात्रा एका वहीत नोंदवून ठेवल्यास वैद्य बदलले, तरी उपचाराचे सूत्र तुटत नाही.