महागडे स्वप्न: आज की पंचवीस महिन्यांनी?

चतुर्थी जवळ आली की पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथील वाहनांच्या दालनांवर तोरणे लागतात आणि ‘कमीत कमी रक्कम भरा, गाडी घरी न्या’ अशा जाहिरातींना ऊत येतो. नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षे झालेला तरुण याच दिवसांत एका निर्णयापाशी येऊन थांबतो. ज्या मोटारसायकलची छायाचित्रे तो शाळेत असल्यापासून जपत आला, ती आता आवाक्यात आल्यासारखी दिसू लागते. घरातील वडीलधारी मंडळी ‘आधी चार पैसे गाठीला बांध’ असे बजावतात; मित्र म्हणतात, हे वय परत येणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून हा वाद घरोघर रंगतो आणि अनिर्णित राहतो. तो तसा राहण्याचे आणखी एक कारण असे की, दोहोंपैकी कोणतीही बाजू सहसा कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. गाडीची दालनातील किंमत २ लाख १० हजार रुपये. नोंदणी, रस्ता कर व विमा धरून ती रस्त्यावर येते तेव्हा २ लाख ५० हजार. तरुणाजवळ ५० हजार आहेत, उरलेल्या २ लाखांचे कर्ज तो तीन वर्षांसाठी काढतो. विक्रेता सांगतो, ‘फक्त दहा टक्के व्याज.’ हे दहा टक्के बहुधा ‘फ्लॅट’ दराचे असतात. म्हणजे २ लाखांवर वर्षाला २० हजार, तीन वर्षांचे ६० हजार, आणि एकूण २ लाख ६० हजार भागिले ३६, म्हणून महिन्याचा हप्ता ७,२२२ रुपये. यात मेख अशी की, दर महिन्याला मुद्दल फिटत असते, तरी व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण २ लाखांवर आकारले जाते. बँका ज्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने व्याज लावतात, तिच्यात दहा टक्क्यांनी हेच कर्ज घेतल्यास हप्ता सुमारे ६,४५३ रुपये पडतो आणि एकूण व्याज ३२ हजारांच्या आसपास राहते. फ्लॅट दराचे दहा टक्के हे घटत्या शिलकीच्या हिशेबाने जवळपास १८ टक्के होतात. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘दहा टक्के’. फरक मात्र २८ हजारांचा.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला एक तथ्यपत्रक देणे बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर किती, हे स्पष्ट लिहावे लागते. दालनातील मेजावर सह्यांचा गठ्ठा पुढे सरकवला जातो, तेव्हा त्यातील हा एक कागद मागून घेऊन वाचणे इतर सर्व कागद वाचण्यापेक्षा उपयोगाचे आहे. जो आकडा विक्रेत्याच्या तोंडी नसतो, तो तिथे असतो.

आता हाच तरुण थांबला तर काय होते? समजा, जवळचे ५० हजार त्याने बँकेत ठेवले आणि हप्त्याचे तेच ७,२२२ रुपये दरमहा आवर्ती ठेवीत भरले. व्याजदर ७ टक्के धरला, तर पंचविसाव्या महिन्याअखेर त्याच्याकडे अडीच लाख जमतात. कर्ज घेणाऱ्याला छत्तीस हप्ते भरावे लागतात, थांबणाऱ्याला पंचवीस पुरतात. अकरा हप्त्यांचा फरक म्हणजे सुमारे ७९ हजार रुपये. दरम्यान गाडीची किंमत थोडी वाढेल, तेवढी वजावट यातून करावी. कधी ती घटतेही; २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींवर तो ४० टक्के झाला.

तेव्हा खरा प्रश्न ‘घ्यावी की न घ्यावी’ असा नसून, गाडी दोन वर्षे आधी मिळावी यासाठी ७९ हजार मोजायचे का, असा आहे. प्रश्न असा मांडला की त्याचे उत्तर प्रत्येकासाठी वेगळे येते, आणि ते तसेच यायला हवे. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या, सांगे-केपेच्या आतल्या गावातून येणाऱ्या तरुणाला परतीची बस मिळत नाही. त्याच्यासाठी दुचाकी ही चैन नव्हे. गोव्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार होती आणि राज्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या तिच्या आसपास पोहोचली आहे. हे काही केवळ हौसेपोटी घडलेले नाही. कदंबची शेवटची बस लवकर सुटते, हेही त्याचे एक कारण. पण रात्रपाळीचा प्रश्न लाखभराची स्कूटरही सोडवते. तिच्या आणि अडीच लाखांच्या गाडीच्या मधले जे दीड लाख, ते स्वप्नाचे. स्वप्नाला किंमत असू नये असे नाही. ती वेगळी मांडलेली बरी.

वडीलधाऱ्यांचा ‘आधी साठव’ हा उपदेश अर्थशास्त्राच्या कसोटीवर नेहमीच टिकतो असे मात्र नाही. १९८५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे फ्रँको मोदिल्यानी यांनी रिचर्ड ब्रुमबर्ग यांच्यासह १९५०च्या दशकात मांडलेला सिद्धांत सांगतो की, माणूस आपला खर्च त्या त्या महिन्याच्या मिळकतीवर बेतत नाही, तर आयुष्यभराच्या अपेक्षित मिळकतीवर बेततो. तारुण्यात मिळकत कमी, मध्यमवयात अधिक, म्हातारपणी पुन्हा कमी. म्हणून तारुण्यात थोडे कर्ज काढणे आणि चाळिशीत साठवणे, हे शहाणपणाशी विसंगत नाही. शिवाय चोर्ला घाट दुचाकीने चढण्यात चोविसाव्या वर्षी जो आनंद आहे, तो पाठदुखी जडलेल्या पन्नाशीत विकत मिळत नाही. ‘सेवानिवृत्तीनंतर करू’ म्हणून बाजूला ठेवलेल्या कित्येक गोष्टी नंतर शरीराने नाकारलेल्या असतात.

या सिद्धांताचा पाया मात्र एका गृहीतकावर उभा आहे: पुढची मिळकत बऱ्यापैकी ठाऊक असावी आणि ती वाढती असावी. गोव्यात हे गृहीतक किती धोक्याचे ठरू शकते, याचे उदाहरण डिचोली, सत्तरी, सांगे व धारबांदोड्यातील घरांना सांगावे लागत नाही. खनिज मालाला चीनमधून मागणी होती त्या वर्षांत असंख्य तरुणांनी कर्ज काढून टिपर घेतले. तो खर्च चैनीचा मुळीच नव्हता. ट्रक कमावत होता आणि स्वतःचा हप्ता स्वतः फेडत होता. कोणत्याही जाणत्या माणसाने ‘घे’ असाच सल्ला दिला असता, आणि दिलाही. सप्टेंबर २०१२मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४मध्ये ती सशर्त उठली, काम सुरू झाले, तोच फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर सर्व काही पुन्हा ठप्प झाले. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. कर्जदारांसाठी सरकारला दिलासा योजना आणावी लागली, यावरून या संकटाचा आवाका कळतो.

‘कमावणारी वस्तू घ्यावी, मिरवणारी घेऊ नये’ हा ढोबळ नियम म्हणूनच अपुरा आहे. वस्तू कोणती, याइतकेच महत्त्व हप्ता कोठून येणार याला आहे. एकाच भागातील सर्वांची मिळकत एकाच धंद्यावर अवलंबून असली, की तो धंदा बसताना ट्रकाची विक्री-किंमतही त्याच वेळी बसते. विकून मोकळे होण्याचा मार्गही बंद होतो. क्रूझ जहाजांवर काम करणाऱ्या गोमंतकीय तरुणांनी २०२० साली याचाच दुसरा प्रकार अनुभवला. त्यांची मिळकत कराराच्या काही महिन्यांपुरती असते आणि सुट्टीच्या काळात बहुतेकांना वेतन नसते. महामारीत जहाजे बंद पडली आणि ती सुट्टी लांबतच गेली. ज्यांनी बोटीवरील महिन्यांच्या पगारावर हप्ता बेतला होता, त्यांना तो पूर्ण वर्षावर बेतायला हवा होता, हे कळेपर्यंत उशीर झालेला होता. कंत्राटी कामगारालाही हेच लागू पडते. मागील बारा महिन्यांत प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम बाराने भागावी. येणारा आकडा खरा पगार. चांगल्या महिन्याचा आकडा तो नव्हे.

हप्ता थकला की त्याचा त्रास एकट्या कर्जदाराला होत नाही. गावच्या पतसंस्थेच्या कागदावर जामीनदार म्हणून आईची, काकाची किंवा शेजाऱ्याची सही असते. ‘नुसती सही तर करायची आहे’ असे म्हणून ती घेतली जाते. भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि मग जामीनदाराकडे यावे, असे बंधन त्यात नाही. पंचविशीतील मुलाच्या मोटारसायकलसाठी काकांच्या निवृत्तीच्या पुंजीवर टाच येऊ शकते, आणि नात्यात पडलेली ती गाठ कर्ज फिटल्यावरही सुटत नाही. गोव्यातील कुटुंबांत बोलणे बंद होण्यास जमिनीच्या वाटण्या जितक्या कारणीभूत असतात, तितक्याच जामिनाच्या सह्याही असाव्यात.

लहान वस्तूंचे हप्ते त्या मानाने निरुपद्रवी वाटतात. साठ हजारांचा फोन ‘नो-कॉस्ट ईएमआय’वर मिळतो तेव्हा व्याज कोणीच घेत नाही, असा समज होतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच स्पष्ट केले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही. बहुधा व्याजाइतकी सवलत किमतीत दाखवली जाते, बँक आपले व्याज घेतेच. त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या माथी येते. रोख देणाऱ्याला जी सवलत मिळू शकली असती, ती त्याने सोडलेली असते. रक्कम क्षुल्लक आहे, हे मान्य. मात्र फोनचा एक हप्ता चुकला, तरी त्याची नोंद सिबिलसारख्या पतमापन संस्थांकडे होते. ३०० ते ९०० या श्रेणीतील तो गुणांक पुढे गृहकर्जाच्या वेळी बँक पाहते, आणि बऱ्याच बँका आता व्याजदरही त्यावरून ठरवतात.

गृहकर्जाचा विषय निघाला की या साऱ्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट समोर येते. गोव्यातील जमिनी व सदनिकांचे दर दिल्ली-मुंबईच्या खरेदीदारांनी जेथे नेऊन ठेवले आहेत, तेथे पंचवीस-तीस हजार पगाराच्या तरुणाला स्वतःचे घर हे स्वप्न म्हणूनही पाहवत नाही. वडिलोपार्जित घर असते, पण ते समाईक. समान नागरी कायद्यानुसार त्यात सर्व भावंडांचा वाटा. मोठे स्वप्न असे क्षितिजापलीकडे गेले, की मन जवळचे महागडे स्वप्न शोधते. मोटारसायकल, फोन, लग्नातील ड्रोन-चित्रीकरण हा उधळपट्टीचा रोग म्हणून हिणवणे सोपे आहे. बऱ्याचदा ते हातून निसटलेल्या घराचे सांत्वन असते. उपदेश करणाऱ्या पिढीने आपल्या काळातील जमिनीचा दर आठवून पाहावा, म्हणजे तिचा सूर थोडा खाली येईल.

तरीही सांत्वनाची वस्तू किती काळ सांत्वन देते, हे पाहण्याजोगे आहे. लीफ व्हॅन बोव्हेन व थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत लोकांना आपली खरेदी आठवायला सांगितले, तेव्हा वस्तूंपेक्षा प्रवास, मैफल, सहभोजन अशा अनुभवांवरील खर्चाने अधिक आनंद दिल्याचे बहुसंख्यांनी सांगितले. वस्तूची सवय होते आणि शेजाऱ्याच्या नव्या वस्तूशी तिची तुलना होते; अनुभवाची तुलना तितकी सहज होत नाही. मोटारसायकल मात्र या विभागणीत अवघड जागी बसते. आठवडाअखेर आंबोलीपर्यंत जाऊन येणाऱ्यासाठी ती अनुभव आहे, दारात पुसून ठेवणाऱ्यासाठी वस्तू. खरेदीपूर्वी चार शनिवार भाड्याची गाडी घेऊन फिरून पाहिले, तर आपण यांपैकी कोण हे काही हजारांत कळते. पर्यटकांसाठी असलेली भाड्याच्या दुचाकींची सोय गोमंतकीयांनी यासाठी वापरायला हरकत नाही.

ज्यांनी कर्ज काढून गाडी घेतलीच आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहारातली गोष्ट. तीन वर्षे उलटल्यावर विमा कंपन्यांच्या प्रचलित घसारा-कोष्टकानुसार वाहनाचे विमामूल्य मूळ किमतीच्या ६० टक्क्यांवर येते. वरील उदाहरणात १ लाख २६ हजार. ती विकायची वेळ आली आणि नोंदणी पुस्तिकेवर अजून वित्तसंस्थेचे नाव असेल, तर मालकी हस्तांतरित होत नाही. शेवटचा हप्ता भरताच संस्थेकडून ना-हरकत दाखला व सही केलेला नमुना क्रमांक ३५ मागून घ्यावा आणि वाहतूक खात्याकडून ते नाव काढून घ्यावे. दाखल्याची मुदत मर्यादित असते, त्यामुळे तो कपाटात ठेवून चालत नाही.